पाण्यावरचा भात

उत्तर मिनेसोटात ऑगस्ट अर्ध्यावर आला की माणसं तळ्यांची नावं सांगेनाशी होतात. एरवी मासा कुठे लागला, हरीण कुठल्या वळणावर आडवं आलं, हे पेट्रोल पंपावर उभ्या उभ्या सांगणारे हे लोक. पण ‘यंदा भात कुठे चांगला?’ असं विचारलं, की ‘तिकडे, वरच्या अंगाला’ म्हणून हात हवेत फिरवतात. ज्या आजींकडून मी हे सगळं ऐकलं, त्यांची अटही हीच होती. काय लिहायचं ते लिही, आमच्या तळ्याचं नाव तेवढं लिहू नकोस. तेव्हा ते तळं इथे बिननावाचंच राहील.

आजी ओजिब्वे, अमेरिकेतल्या मूळनिवासी समाजांपैकी एका समाजातल्या. लेक सुपीरियरच्या काठी, डलूथ गावात आमच्या गल्लीत त्यांची लेक राहते. आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेली ही बाई हिवाळा लेकीकडे काढते आणि बर्फ वितळलं की पश्चिमेला, फॉन्ड ड्यू लॅक रिझर्व्हेशनमधल्या, म्हणजे त्यांच्या समाजासाठी राखलेल्या मुलखातल्या, आपल्या घरी परतते. नातवंडं तिला ‘नूकोमिस’ म्हणतात, म्हणजे आजीच. आम्हीही तेच म्हणू लागलो, आणि आजीला काही कोणी अहो-जाहो करत नाही. इथल्या हिवाळ्यात चार-पाच महिने माणसाला बोलण्यावाचून दुसरं काम नसतं. ती बोलायची, मी ऐकायचे.

तिच्या बोलण्यातला भात म्हणजे मनूमिन. दुकानात ‘वाइल्ड राईस’ म्हणून मिळतो, तो हा. आपल्या तांदळाचा लांबचा नातलग. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात तांदूळ ओरायझा, तर हा झिझेनिया. संथ वाहत्या, गुडघा-मांडीभर पाण्यात, मऊ चिखलात तो आपला आपण उगवतो, आणि दरवर्षी नव्याने, बियापासून. शरदात गळलेला दाणा टोकाने चिखलात रुततो, वर बर्फाची लादी धरते, आणि त्या गोठायला आलेल्या पाण्यात तीन-चार महिने काढल्याशिवाय त्याला कोंब फुटत नाही. जूनमध्ये पानं हिरव्या फितींसारखी पाण्यावर आडवी पडतात. सगळ्यात नाजूक काळ तो. त्या दिवसांत पाणी एकदम वीतभर चढलं, तर तरंगणारं पान वर उचललं जाताना रोपच मुळासकट उपटून घेतं.

नूकोमिसच्या आजीने काठावरच्या एका ओंडक्यावर कोयत्याने खुणा करून ठेवल्या होत्या. जून लागला की ती रोज सकाळी जाऊन ओंडका बघून यायची. पाणी कालच्याच खुणेवर असलं की न्याहारी नीट व्हायची. चढलेलं असलं की घरात त्या दिवशी कोणी आवाज काढायचं नाही. नातीला कितीतरी वर्षं वाटत होतं, की आजी प्रार्थनेला जाते.

ओजिब्वे, किंवा ते स्वतःला म्हणतात तसे अनिशिनाबे, मुळात या तळ्यांच्या मुलखातले नव्हेत. त्यांचे पूर्वज पूर्वेला, अटलांटिक समुद्राच्या बाजूला राहत. तिथे त्यांना सात भविष्यवाण्या झाल्या, असं वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. पश्चिमेकडे निघा, आणि जिथे अन्न पाण्यावर उगवतं तिथे थांबा. मग पिढ्यानपिढ्या चाललेला तो प्रवास, सेंट लॉरेन्स नदीच्या वाटेने, महासरोवरांच्या काठाकाठाने. वाटेत सात मुक्काम. शेवटचा लेक सुपीरियरमधल्या मॅडलिन बेटावर. विल्यम वॉरन हा मिश्र रक्ताचा ओजिब्वे लेखक. त्याने १८५०च्या सुमारास म्हाताऱ्यांच्या तोंडून असल्या हकीकती गोळा केल्या आणि तरुण वयातच तो गेला. पुस्तक छापून आलं ते १८८५ साली. लिहिलेला इतिहास म्हणून आज अभ्यासक जो वाचतात, तोही असा कुणाच्या तरी आजा-आजीच्या तोंडचाच आहे.

भात सापडला कसा, त्याची गोष्ट वेगळी. ती नूकोमिस जमिनीवर बर्फ असतानाच सांगते. नानाबोझूच्या गोष्टी उन्हाळ्यात सांगत नाहीत. नानाबोझू हा अर्धा देव, अर्धा उचापत्या. एक दिवस शिकारीहून तो रिकाम्या हाताने परतला. चुलीवर आधण ठेवून गेला होता, त्या हंड्याच्या काठावर एक बदक बसलेलं. त्याला बघून बदक उडालं. हंड्यात पाहतो तर दाणे शिजलेले. इतकं चविष्ट त्याने कधी खाल्लं नव्हतं. मग बदक ज्या दिशेने उडालं त्या दिशेने हा दिवसचे दिवस चालत राहिला, आणि एका तळ्यापाशी पोचला. तळं भाताने भरलेलं, आणि भातात बदकंच बदकं. गोष्ट इथे संपते. पण नूकोमिस पुढे एक वाक्य आपल्या पदरचं जोडते. ‘बदकाने वाट दाखवली, म्हणून बदकाचा वाटा आधी काढायचा.’

हा वाटा काढायची रीत त्यांच्या कापणीच्या पद्धतीतच आहे. खरं तर ‘कापणी’ म्हणणंही बरोबर नाही, कारण कापत कोणी काहीच नाही. होडीत माणसं दोन. एक मागे उभं राहून लांब दांड्याने होडी रेटणारं. दांड्याच्या टोकाला दुबेळकं असतं, म्हणजे तो चिखलात रुतत नाही आणि मुळांनाही इजा करत नाही. दुसरं माणूस बसलेलं, त्याच्या दोन हातांत सीडरच्या हलक्या लाकडाच्या दोन काठ्या. एका काठीने ताटं होडीवर वाकवायची, दुसरीने लोंबीवरून हलकेच हात फिरवल्यासारखं करायचं. पिकलेले दाणे होडीत पडतात, हिरवे जागेवर राहतात. हे झोडपणं नव्हे. नवशिक्या जोर लावतो आणि ताट मोडतो. मग काठावरची म्हातारी माणसं एकमेकांकडे बघतात आणि काही बोलत नाहीत, ते बोलण्यापेक्षा वाईट.

मनूमिनची लोंबी एकदम पिकत नाही. वरचे दाणे आधी, खालचे मागाहून. शिवाय पिकलेला दाणा वाऱ्याच्या झुळकीनेही गळतो. म्हणून एकाच ताटव्यातून काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा होडी फिरते, आणि दर खेपेला बरेच दाणे होडीत न पडता पाण्यात पडतात. बाहेरच्या माणसाला ही नासाडी वाटते. एकोणिसाव्या शतकातल्या गोऱ्या निरीक्षकांनी तसं लिहूनही ठेवलं आहे. पण पाण्यात पडलेला दाणा हीच पुढल्या सालची पेरणी, आणि बदकांचा वाटाही तोच. आळशीपणा म्हणून ज्याची हेटाळणी झाली, ती मुळात बियाण्याची तजवीज होती.

गंमत म्हणजे पुढे मिनेसोटा राज्याने जे नियम केले, ते बहुतेक या म्हाताऱ्यांच्या रीतीचेच मोजमाप आहेत. काठी ३० इंचांहून लांब नको, वजन एका पौंडाच्या आत हवं, होडी १८ फुटांहून लांब आणि ३६ इंचांहून रुंद नको, यंत्र तर नाहीच. सकाळी ९ ते दुपारी ३, एवढाच वेळ. रिझर्व्हेशनमधल्या तळ्यांवर मात्र त्या-त्या समाजाचा कारभार चालतो आणि बाहेरच्याला तिथे होडी घालता येत नाही. म्हणून मी काठावरच. काठावरून भात दिसतो थोडा आणि ऐकू येतो जास्त. ताटं माणसाच्या डोक्याहून उंच, होडी आत शिरली की दिसेनाशी होते. मग नुसतं टक-सर्र, टक-सर्र, आणि होडीच्या तळावर दाण्यांची बारीक सर.

तळं कधी उघडायचं हे एखादा जाणता माणूस ठरवायचा. भाताचा मुखत्यारच म्हणा. तो आधीच फिरून लोंब्या चोळून बघायचा, आणि त्याने ‘हं’ म्हटल्याशिवाय कोणी होडी ढकलत नसे. आता बहुतेक ठिकाणी समिती आहे. पाण्यात उतरण्याआधी चिमूटभर तंबाखू पाण्यावर सोडायची, आणि पहिला भात शिजला की त्याचा वाटा आधी गेलेल्यांना. पूर्वी बायका कापणीच्या महिनाभर आधी होड्या घेऊन जात आणि उभी ताटं जागच्या जागी पेंढ्यांसारखी बांधून ठेवत. दोरी बासवुड झाडाच्या आतल्या सालीची. त्यामुळे वाऱ्या-पावसात आणि पाखरांपासून दाणा वाचे. शिवाय गाठीवरून, बांधणीच्या धाटणीवरून कळे की हा कोणत्या घरचा वाफा. सातबारा नाही, मोजणी नाही. दोरीची गाठ हाच उतारा. अल्बर्ट जेंक्स याने १९०० साली आणि फ्रान्सिस डेन्समोर या बाईंनी १९२०च्या दशकात ही बांधणी तपशीलवार नोंदवली. नूकोमिसच्या आजीला ती येत होती. नूकोमिसला येत नाही. ‘शिकवायला लागली तेव्हा मी बोर्डिंग शाळेत होते’, एवढंच ती म्हणते आणि विषय बदलते.

होडी काठाला लागली की निम्मं काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात खरं काम तिथून सुरू होतं. ओला भात ताडपत्रीवर पसरतात. पूर्वी बर्चच्या सालींवर पसरत. त्यात पानं, काड्या, कोळी आणि एक फिकट रंगाची अळी, जी चक्क चावते. दाण्याला लांब कुसळ. ते कपड्यांतून आत शिरतं, डोळ्यात गेलं तर डॉक्टरच गाठावा लागतो. सप्टेंबरच्या उन्हातही सगळे गळाबंद शर्ट घालून का वावरतात, ते मला पहिल्याच संध्याकाळी मान खाजवताना कळलं.

मग भाजणं. मोठा बिडाचा हंडा आगीवर तिरका ठेवतात आणि समोर बसून होडीच्याच वल्ह्याने भात अखंड हलवतात. अखंड म्हणजे अखंड. फोन वाजला तरी वल्हं थांबत नाही. जाळ मोठा झाला तर दाणा करपतो, कमी पडला तर तूस सुटत नाही आणि पुढे बुरशी धरते. हिरवा-जांभळा दाणा हळूहळू तपकिरी होतो. ओल्या गवताचा वास जाऊन धुराचा, मग शेंगदाणे भाजल्यासारखा वास यायला लागतो आणि मधूनच एखादा दाणा लाहीसारखा फुटतो. नूकोमिस वासावरून ठरवते. तिने नाक उडवलं की हंडा उतरायचा.

त्यानंतर नाच. जमिनीत गुडघाभर खड्डा, त्याला आतून लाकडी फळ्यांचं अस्तर. गरम भात त्यात ओततात. नवी, कोरी, उंच मोकासिनं, म्हणजे मऊ कातड्याचे जोडे, चढवून एक जण आत उतरतो, दोन्ही बाजूंना आडवे बांधलेले दांडे धरतो आणि पाय वळवत-घासत नाचतो. सगळी मेख त्या दांड्यांत. अंगाचा भार हातांवर तोलायचा, दाण्यांवर पडू द्यायचा नाही, नाहीतर भाताची कणी होते. म्हणून हे काम मुलांचं. नूकोमिस सांगते, तिच्या लहानपणी आठ-नऊ वर्षांच्या पोराला या दिवसांत जेवढा मान असे तेवढा वर्षभर नसे, आणि वजन वाढलं की तो मान जाई. हल्ली पुष्कळ जण भाजायला आणि सडायला गावातल्या यंत्रवाल्याकडे देतात, हेही सांगायला हवं. मोटारीवर फिरणारं पिंप तासाभरात पोत्यामागून पोतं काढतं. तिच्या घरी हंडा-खड्डा चालतो तो नातवंडांना यावं म्हणून, आणि थोडा हट्ट म्हणून.

शेवटी पाखडणं. एका वर्षी माझी आई पुण्याहून आली होती आणि तिलाही मी घेऊन गेले होते. सकाळपासून आई खुर्चीवर बसून होती. भाषा येत नाही, गुडघे दुखतात, त्यात सगळीकडे कुसळं. मग नूकोमिसने बर्चच्या सालीचं रुंद, उथळ ताट घेतलं, त्यात भात ओतला आणि वाऱ्याच्या अंगाला उभं राहून झेलायला लागली. आई उठली. जवळ गेली, क्षणभर तिच्या मनगटांकडे पाहिलं आणि दुसरं ताट उचललं. झेल, झटका, फुंकर. तूस पुढे, दाणा मागे. कडेने उडालेलं तूस बघून नूकोमिसचे हात थांबले. तिने मान हलवून आईच्या ताटात आणखी भात ओतला. मला कुणी विचारलंच नाही. मी आजवर तयार पिशवीतला तांदूळ खाल्लेली बाई, मला आगीत लाकडं सारायचं काम दिलं. १०० पौंड ओल्या भाताचे या सगळ्यातून हाताशी लागतात ४०-५० पौंड. त्या संध्याकाळी त्यातले बरेचसे आईच्या ताटातून गेले.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी होती. आई परदेशात आली तरी ऋषिपंचमी सोडत नाही. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. घरी देवभात असायचा, तळ्याकाठी आपोआप उगवणारा. इथे काय खायचं, म्हणून ती आदल्या आठवड्यापासून चिंतेत. भात बघून म्हणाली, ‘अगं, याला बैल लागतो का, विचार त्यांना.’ मी विचारलं. नूकोमिसला आधी प्रश्नच कळेना. मग ती म्हणाली, ‘बैल नाही. मूस येतो कधीकधी. पण तो कामाला येत नाही, खायला येतो.’ मूस म्हणजे घोड्याहून थोराड सांबर. आई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. त्या वर्षी आमच्या ऋषीच्या भाजीबरोबर मनूमिन होतं, आणि आईच्या मते नियमात चोख बसणारं होतं.

त्याच दिवशी, जेवणानंतर, पाण्याची गोष्ट निघाली. नूकोमिसची आजी मूळची विस्कॉन्सिनमधली, लाक कूर्त ओरेय समाजाची. चिप्पेवा नदीकाठी पाक्वावाँग नावाचं त्यांचं गाव होतं. गावाभोवती भाताची तळी होती आणि दफनभूमी होती. १९२० साली अमेरिकेत जलविद्युत प्रकल्पांना परवाने देण्याचा कायदा झाला, आणि लोकांनी ठामपणे नाही म्हटलं असतानाही १९२१ साली एका वीज कंपनीला तिथे धरण बांधायचा परवाना मिळाला. थडगी हलवून देऊ असं कबूल केलेलं होतं. पुष्कळशी हलवलीच नाहीत. १९२३ साली पाणी अडलं. गाव गेलं, भात गेला, आणि पुढे कितीतरी वर्षं पाण्याने काठ खचला की माणसांची हाडं उघडी पडत. आजी तेव्हा कोवळी मुलगी होती. लग्न होऊन मिनेसोटात आल्यावर तिने पहिलं काम केलं ते ओंडक्यावर खुणा करण्याचं.

मी मराठीत सांगत होते आणि आई ऐकता ऐकता ताठ बसली. ‘साल कोणतं म्हणालीस?’ तिची आजी मुळशीची. निळा-मुळेच्या संगमावरचं धरण, आंबेमोहोराच्या खाचरांवर चढलेलं पाणी, मुंबईला जायची वीज आणि १९२१च्या रामनवमीला सुरू झालेला सत्याग्रह. सेनापती बापटांना ‘सेनापती’ करणारा. आईच्या आजीने त्या दिवशी धरणाच्या जागी बसलेल्या माणसांना भाकऱ्या पोचवल्या होत्या, असं आमच्या घरात सांगतात. आई बोलत होती, मी इंग्रजीत सांगत होते. नूकोमिसने फक्त एक प्रश्न विचारला. ‘मग पाणी परत गेलं का?’ आई म्हणाली, ‘नाही.’ नूकोमिस म्हणाली, ‘आमचंही नाही.’ १९७१ साली परवान्याची मुदत भरली तेव्हा लाक कूर्त ओरेयच्या लोकांनी, अमेरिकन इंडियन मूव्हमेंटच्या कार्यकर्त्यांना सोबत घेऊन, ते धरण ताब्यात घेतलं होतं. त्यातून पुढे वाटाघाटी झाल्या, काही जमीन परत मिळाली. पाक्वावाँग मात्र पाण्याखालीच आहे.

ते ऐकल्यापासून मी ओजिब्वेंचा इतिहास वेगळ्या क्रमाने वाचायला लागले. पुस्तकांत करारांच्या तारखा असतात. १८३७ साली फोर्ट स्नेलिंगजवळ झालेल्या करारात त्यांनी प्रचंड मुलूख सोडला, पण त्या मुलखात शिकार, मासेमारी आणि भात गोळा करायचा हक्क राखून ठेवला. भाताचा उल्लेख करारात नावानिशी आहे. १९९९ साली मिल लॅक्स समाजाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क अजून जिवंत असल्याचा निकाल दिला. मोठी गोष्ट आहे, वादच नाही. पण १८३७ साली प्रमुखांनी ज्या कागदावर खुणा केल्या, त्यात भात नावानिशी आला, पाणी जागेवर राहील असं मात्र आलं नाही. भात म्हणजे पाणीच, हे समोरच्या टेबलावरच्यांना ठाऊक नव्हतं, किंवा असून सोयीचं नव्हतं.

पुढचं सगळं मग एका ओळीत लागतं. १८८४ साली मिसिसिपीच्या उगमाकडे, लीच लेक आणि विनिबिगोशिश या तळ्यांवर लष्कराच्या इंजिनिअरांनी धरणं बांधली. कशासाठी, तर खाली नदीत जहाजांना आणि मिनिॲपोलिसच्या पिठाच्या गिरण्यांना बारमाही पाणी हवं. वर भाताचे ताटवे बुडाले. फॉन्ड ड्यू लॅकवर उलटा प्रकार. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाणथळ जमिनी शेतीखाली आणायच्या म्हणून लांबच लांब चर खणले. शेती काही झाली नाही, तळ्यांचं पाणी मात्र उतरलं आणि भाताच्या जागी रान माजलं. आता त्याच समाजाचा निसर्गसंपदा विभाग चरांवर छोटे बांध घालून पाणी खुणेवर ठेवतो, दुसरी झुडपं कापतो, बी टाकतो. नूकोमिसचा एक नातू त्या कामावर आहे. त्याच्याकडे पाणी मोजायचं यंत्र आहे. आजी त्याला अजून म्हणते, ‘ओंडका बघून आलास का?’

पाणी जागेवर असलं तरी ते कसं आहे हा प्रश्न राहतोच. मिनेसोटाच्या लोहखाणींतून येणाऱ्या पाण्यात सल्फेट असतं. तळाच्या चिखलातले जिवाणू त्याचा सल्फाइड करतात आणि तो मुळांना मारतो. जॉन मॉयल या शास्त्रज्ञाने १९४०च्या दशकातच पाहिलं होतं, की सल्फेट जास्त तिथे भाताचे मोठे ताटवे दिसत नाहीत. त्यावरून राज्याने १९७३ साली भाताच्या पाण्यासाठी मर्यादा ठरवली, लिटरला १० मिलिग्रॅम. कागदावर इतका काटेकोर नियम देशात क्वचित असेल. अंमलबजावणीच्या बाबतीत मात्र दशकानुदशकं चालढकल झाली. विस्कॉन्सिनमधल्या मोल लेकच्या लोकांनी वेगळीच वाट काढली. त्यांच्या भाताच्या तळ्याच्या वरच्या अंगाला खाण होणार होती. अनेक वर्षं भांडून शेवटी २००३ साली त्यांनी शेजारच्या पोटावाटोमी समाजाबरोबर ती खाणीची जागाच विकत घेतली.

मिनेसोटातल्या व्हाइट अर्थ या ओजिब्वे समाजाने २०१८ साली याच्याही पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी कायदा केला की मनूमिनलाच हक्क आहेत. स्वच्छ पाण्याचा, वाढण्याचा. २०२१ साली तेलवाहिनीच्या कामासाठी राज्याने सुमारे ५ अब्ज गॅलन पाणी उपसायची परवानगी दिली, तीही दुष्काळाच्या वर्षी. तेव्हा समाजाच्या न्यायालयात जो खटला दाखल झाला, त्यात पहिला वादी होता मनूमिन. मला वाटतं, १८३७ च्या कागदावर जे लिहायचं राहिलं ते लिहायचा हा प्रयत्न होता. मार्च २०२२ मध्ये त्यांच्याच अपील न्यायालयाने निकाल दिला, की रिझर्व्हेशनबाहेर, बाहेरच्यांनी केलेल्या कामावर आपला अधिकार चालत नाही. तोवर वाहिनीतून तेल वाहू लागून काही महिने झाले होते.

आणि एवढं करून, बाजारात ज्याला वाइल्ड राईस म्हणतात त्यातला बहुतेक या तळ्यांतला नसतोच. १९५० साली मिनेसोटात मेरिफील्डजवळ जेम्स आणि जेराल्ड गॉडवर्ड यांनी बांध घातलेल्या खाचरात तो पिकवून पाहिला. पुढे विद्यापीठाने दाणा न गळणारे वाण काढले, म्हणजे तो उभा पिकतो आणि यंत्राने कापता येतो. मग मोठ्या कंपन्या आल्या, पीक कॅलिफोर्नियाला गेलं आणि तळ्यावरच्या भाताचा भाव पडला. १९७७ साली मिनेसोटाने वाइल्ड राईसला राज्यधान्य केलं, त्या सुमारास राज्यातली खाचरं जोरात होती. नूकोमिस खाचरातल्या काळ्या दाण्याला भात म्हणत नाही. त्याच्याविषयी ती जे म्हणते ते इथे छापण्याजोगं नाही.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांना म्हणून एकच सांगायचं आहे. थँक्सगिव्हिंगच्या आधी दुकानात हे पाकीट हाती आलं, तर उलटून वाचा. दाणा काळाभोर, चकचकीत, एकसारखा असेल आणि शिजायला पाऊण-एक तास लागेल असं लिहिलं असेल, तर तो खाचरातला. तळ्यावरचा, लाकडाच्या आगीवर भाजलेला दाणा तपकिरी, थोडा हिरवट, लहान-मोठा असतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत फुलतो. मिनेसोटात विकायचा खाचरातला माल असेल तर तसं पाकिटावर छापावं लागतं. इतर राज्यांत तेवढंही बंधन असेलच असं नाही. व्हाइट अर्थ, लीच लेक, बोआ फोर्त अशा समाजांची नावं पाहून घ्या. दाम दुप्पट-तिप्पट पडेल. द्यावा.